पर्स, पाकीट आणि आपले अंदाज

सकाळपासून बातम्या वाचून डोकं उठलं होतं. संध्याकाळी बसमध्ये मात्र एक भारी गोष्ट बघितली.

एक आजी उतरल्या आणि पर्स सीटवरच राहिली. कॉलेजच्या वयाचा एक मुलगा ती उचलून त्यांच्यामागे धावला. बस काही त्याच्यासाठी थांबली नाही. खिडकीतून दिसलं ते एवढंच: आजी चेन उघडून आतलं एकेक तपासतायत आणि हा पठ्ठ्या सॅक सावरत निवांत उभा. त्या तपासण्याचा मलाच राग आला, त्याला नाही!

२०१९ साली 'सायन्स' या नियतकालिकात आलेला एक अभ्यास आठवला. संशोधकांनी ४० देशांतल्या ३५५ शहरांत १७ हजारांहून जास्त पाकिटं 'सापडली' म्हणून बँका, हॉटेलं वगैरेंच्या काउंटरवर दिली. बहुतेक देशांत, पैसे असलेल्या पाकिटांच्या मालकांशी लोकांनी जास्त वेळा संपर्क साधला. बिनपैशाच्या पाकिटांच्या बाबतीत कमी. उलटं होईल असाच लोकांचा अंदाज होता. नामवंत अर्थतज्ज्ञांना विचारलं, तर तेही चुकले.

(हे वाचून मला तेव्हा फार बरं वाटलं होतं.)

तुम्ही इतक्यात असं काही पाहिलंत का? सांगा. आज वाचायच्या मूडमध्ये आहे.