तुम्ही विचारलंत म्हणून: बेट का सोडलं

पैशांशिवाय, सगळं सामाईक ठेवून राहणाऱ्यांची आमची एक छोटी वसाहत होती त्या बेटावर. ती मी का सोडली, हे तुम्ही विचारता. नाही, भांडण झालं नव्हतं. मला कुणी हाकललं नाही. तिथे कुणी बुवा नव्हता, कुणाच्या पाया पडायचं नव्हतं आणि माझे पैसेही बुडाले नाहीत. हे आधीच सांगून टाकते, कारण "बेट का सोडलंत?" असं विचारणाऱ्यांच्या मनात यातलंच एखादं उत्तर तयार असतं. मी वेगळं काही बोलायला लागले की त्यांचा चेहरा पडतो.

काहींना नेमकं उलट ऐकायचं असतं. स्वर्ग होता, मलाच झेपला नाही, असं मी म्हणावं. तेही म्हणणार नाही. झेपत होतं मला. किनाऱ्यावरून शेवाळ उचलून वाफ्यांत टाकणं, टाकीतलं पावसाचं पाणी मोजून वापरणं, पाळीने सगळ्यांचा स्वयंपाक, हे सगळं. इतकी गाढ झोप मला ना त्याआधी लागली, ना नंतर. पैशांशिवाय राहण्याची सवय व्हायला वेळ लागेल असं वाटलं होतं, पण ती सगळ्यांत आधी झाली. भांडी घासण्याच्या पाळ्यांवरून मात्र कुरबुर असायची. ती कुठे नसते?

मग तुम्ही फ्लोरियाना काढता. पॅसिफिक महासागरातल्या गालापागोस बेटांमधलं ते बेट, 1929 साली सगळे दात उपटून घेऊन तिथे राहायला गेलेला जर्मन डॉक्टर रिटर आणि त्याची सहचरी, मागाहून आलेली ती स्वयंघोषित बॅरोनेस, 1934 मध्ये तिचं आणि तिच्या एका साथीदाराचं नाहीसं होणं, त्याच वर्षी रिटरचा मृत्यू. चघळायला झकास गोष्ट आहे. पण त्यात वसाहत कुठे होती? एकमेकांचं तोंड पाहायची इच्छा नसलेली तीन बिऱ्हाडं होती ती. मी त्यापेक्षा सोइंतुलाचं उदाहरण देते. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या माल्कम बेटावर 1901 मध्ये फिनलंडहून आलेल्या खाणकामगारांनी मात्ती कुरिक्का याच्या नेतृत्वाखाली सामाईक मालकीची वसाहत सुरू केली. जानेवारी 1903 मधल्या आगीत अकरा माणसं गेली, त्यांत बहुतेक मुलं. कर्ज होतंच. पुलांच्या बांधकामाचं कंत्राट त्यांनी न परवडणाऱ्या दराने घेतलं. लग्नसंस्थेबद्दलच्या कुरिक्काच्या मतांवरून फूट पडली, 1904 मध्ये तो जवळजवळ निम्मी माणसं घेऊन निघून गेला आणि पुढच्या वर्षी कंपनी गुंडाळली गेली. झालं, फसलं. पण बरीच माणसं बेटावरच राहिली. त्यांनी 1909 मध्ये सहकारी दुकान काढलं आणि ते अजून चालू आहे. याला फसणं म्हणायचं का, तुम्हीच ठरवा.

हे सगळं मी जाण्याआधी वाचलेलं होतं. भाबडेपणाने गेले असं समजू नका. उलट तेव्हाची मी आजच्या माझ्यापेक्षा जास्त तयारीची होते. दक्षिण अटलांटिक महासागरातल्या एकाकी ट्रिस्टन द कुन्हा बेटावर 1817 मध्ये विल्यम ग्लास आणि त्याच्या दोन साथीदारांनी केलेला करार मी वहीत उतरवून घेतला होता. कुणीही वरचढपणा करायचा नाही, सगळे सर्व बाबतींत समान, असं त्यात लिहिलंय. पुढे त्याच ग्लासला लोक गव्हर्नर म्हणू लागले, हे माहीत असूनही उतरवून घेतला होता.

आता ती रात्र. ती सांगितल्याशिवाय तुमचं समाधान होणार नाही आणि माझंही होत नाही.

आमचा एक नियम होता. बाहेरून मदत मागायची तर त्या वेळी बेटावर असलेल्या सगळ्यांची संमती हवी. अपवाद फक्त जीवावरच्या प्रसंगाचा. प्रसंग जीवावरचा आहे की नाही हे कुणी ठरवायचं, ते लिहिलेलं नव्हतं.

हिवाळा सरत आला होता. एका मुलाला, तीन वर्षांचंही नव्हतं ते, दोन दिवस ताप आणि खोकला होता. पेटीतलं औषध सुरू केलं होतं. आमच्यातल्या एकाने पूर्वी रुग्णालयात परिचारक म्हणून काम केलं होतं, त्यामुळे अशा वेळी सगळे त्याच्याकडे बघायचे. प्रथमोपचाराच्या पुस्तकात होतं, एक ते पाच वर्षांच्या मुलाचा श्वास मिनिटाला 40 किंवा त्याहून जास्त वेळा होत असेल तर तो जलद समजायचा. मी मोजले तेव्हा पन्नासच्या वर भरले. त्याने मोजले तेव्हा पोर आईच्या खांद्यावर झोपलं होतं, अडतीस भरले. श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडत होता, असं मला दिसलं. त्याला दिसलं नाही. उजेड दिव्याचा होता आणि आम्ही दोघंही थकलेले होतो.

तो म्हणाला, पहाटे वारा पडेल, आपल्याच होडीतून नेऊ. या उधाणात रात्री कुणालाही बोलावणं म्हणजे त्यांचा जीव धोक्यात घालणं. स्वयंपाकघरात बसलेल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. आई आम्हा दोघांकडे बघून म्हणाली, "तुम्हीच बघा."

सगळे झोपायला गेल्यावर मी रेडिओच्या खोलीत गेले, समुद्रावर मदत मागण्यासाठीचा 16 नंबरचा चॅनल लावला आणि तीनदा पॅन-पॅन म्हटलं. मेडे नाही, पॅन-पॅन. हा फरक मी आजही प्रत्येकाला समजावते. मेडे म्हणजे जीव जातोय. पॅन-पॅन म्हणजे तातडी आहे, पण जहाज बुडत नाहीये. पलीकडच्या माणसाने शांतपणे वय विचारलं, श्वास विचारले, ओठांचा रंग विचारला आणि मग किनाऱ्यावरून लाइफबोट, म्हणजे बचावाची बोट, निघत असल्याचं सांगितलं. निर्णय त्यांचा होता, असं मी बरेच दिवस म्हणत असे. त्यांनी तो मी दिलेल्या माहितीवर घेतला, आणि मी माझा आकडा सांगितला होता. अडतीस सांगितला नव्हता.

लाइफबोटीवरची माणसं स्वयंसेवक होती, झोपेतून उठून आलेली. धक्क्याला लागताना बोट एकदम उचलली गेली आणि त्यांच्यातल्या एकाचं मनगट बोट आणि धक्का यांच्यात सापडून मोडलं. आई आणि मूल त्या बोटीतून रुग्णालयात गेले. न्यूमोनिया निघाला. तिथली डॉक्टर म्हणाली, आणलंत ते बरं केलंत, पण सकाळपर्यंत थांबला असतात तरी बहुधा निभावलं असतं. या वाक्यातला पहिला अर्धा भाग मी घेतला आणि दुसरा बाकीच्यांनी.

मायलेकरं परतल्यावर बैठक झाली. आमच्याकडे बैठकीत एक दगड फिरायचा. तो ज्याच्या हातात, त्यानेच बोलायचं. कुणीही आवाज चढवला नाही. "तू चुकलीस" असंही कुणी म्हटलं नाही, कारण तसं म्हणायचं नाही असं शिकूनच आम्ही सगळे तिथे आलो होतो. "मला असुरक्षित वाटलं." "मला वगळल्यासारखं वाटलं." "मला वाईट वाटलं की तुला आमच्यावर विश्वास ठेवता आला नाही." एकामागून एक, अगदी मायेने. एखादा खेकसला असता तर मीही खेकसले असते आणि दुसऱ्या दिवशी आम्ही शेजारी बसून बटाटे सोलले असते. आई म्हणाली, "मी नको म्हणाले नव्हते. हो पण म्हणाले नव्हते." आणि तिने दगड पुढे दिला. सरळ प्रश्न फक्त त्या परिचारकाने विचारला: "माझा आकडा का नाही सांगितलास?" मी म्हणाले, गडबडीत राहून गेलं. ते खरं होतं की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

शेवटी ठरलं ते असं, की रेडिओच्या खोलीला कुलूप लावायचं आणि किल्ल्या दर महिन्याला बदलणाऱ्या दोघांकडे ठेवायच्या. ज्या बेटावर संडासालाही कडी नव्हती, तिथे. प्रत्येकाला संमती विचारली गेली. नियमाप्रमाणे माझा एकटीचा नकार पुरेसा होता. मी म्हणाले, संमती.

यावर तेव्हाची मी आणि आजची मी नेहमी भांडतो. आजची मी म्हणते, पुढची होडी तीन आठवड्यांनी होती, ती संमती कसली? तेव्हाची विचारते, नकार दिला असतास तर काय झालं असतं? कुणी मारलं असतं? जेवण बंद केलं असतं? नाही. आणखी एक संध्याकाळ बैठक झाली असती, तितकीच मायाळू. ती एक संध्याकाळ मला नको होती. इतर कुठेही माणूस बैठक संपली की घरी जातो, फोनवर कुणाजवळ तरी सगळ्यांना शिव्या घालतो आणि झोपतो. तिथे बैठकीतून अंथरुणाकडे जायचं, तेही त्याच माणसांबरोबर, त्यांच्याच टॉर्चच्या उजेडात.

ट्रिस्टनच्या लोकांचं उदाहरण देऊन मला कुणी ना कुणी सांगतंच, की बेटाची ओढ सुटत नाही. 1961 मध्ये ज्वालामुखी फुटला म्हणून त्या सगळ्यांना इंग्लंडला हलवलं होतं आणि पुढच्या वर्षी त्यांनी 148 विरुद्ध 5 मतांनी परत जायचं ठरवलं. ओढ असेलच. पण ते मत त्यांनी इंग्लंडात बसून दिलं होतं, कुठेही जाता येत असताना. मला हेवा वाटतो तो त्या मताचा. याउलट पॅसिफिक महासागरातलं पिटकर्न बेट बघा. तिथल्या बायकांना 1838 पासून मतदानाचा हक्क आहे, जगातल्या बहुतेक देशांच्या कितीतरी आधी. आणि 2004 मध्ये तिथल्याच सहा पुरुषांवर मुलींवरच्या लैंगिक अत्याचाराचे गुन्हे सिद्ध झाले, काही तर कित्येक वर्षांपूर्वीचे. माझ्या गोष्टीची त्याच्याशी बरोबरी नाही, कृपा करून तशी कुणी करू नका. एवढंच म्हणते की हात वर करण्याचा हक्क होता, पण तक्रार घेऊन जायला दुसरं गाव नव्हतं.

मग कुलूप चूक होतं का? बैठकीत मी मनातल्या मनात त्या कुलपाला शिव्या घालत होते. पण ज्याचं मनगट मोडलं तो आमच्या कुठल्याच बैठकीत नव्हता, त्याची संमती कुणी घेतली नव्हती, मी तर नाहीच नाही. त्याच्या बाजूने बोलणारं तिथे काही असेल तर ते कुलूपच होतं. असं मला काही दिवस वाटतं. काही दिवस वाटतं, बरगड्यांखालचा तो खळगा मी पाहिला होता, आणि पुन्हा तसा दिसला तर दार तोडेन.

पहिली होडी आली तिने मी निघाले नाही, हेही लिहून ठेवते. त्यानंतरच्या होडीनेही नाही. उन्हाळाभर राहिले, वाफे केले, किल्लीची माझी पाळी आली तेव्हा ती गळ्यात घालून हिंडले. निघाले तेव्हा सगळे निरोप द्यायला धक्क्यावर आले होते. म्हणून म्हणते, भांडण नव्हतं.

आणि तुमचा नेहमीचा दुसरा प्रश्न, परत जाल का? मागच्या महिन्यात मी त्यांना तसं पत्र लिहिलं. उत्तर आलंय, प्रेमाने लिहिलेलं. या, पण आधी रेडिओच्या विषयावर एकदा सगळ्यांसोबत बसावं लागेल. मी विचारलंय, ती बैठक होईल त्या दिवशी होडी धक्क्याला असेल का?