खेकड्याचं कवच आणि उसाचं चिपाड

ऑगस्ट महिना. पंचगंगेचं पाणी नुकतंच ओसरलेलं. दुपारी डोळ्यांच्या डॉक्टरांचा फोन आला, "मॅडम, तुमच्या रिपोर्टवर बुरशी होती. बुरशीवरचं औषध नटामायसिन सुरू करून बारा दिवस झाले, जखम बुबुळभर पसरत चाललीय. परत बघता का?"

पेशंट करवीर तालुक्यातले एक काका. उसाचा पाला काढताना पात डोळ्यात लागली, आणि तो डोळा त्यांनी शेतातल्या साचलेल्या पाण्यानंच धुतला. मी जखमेची खरवड काचपट्टीवर घेऊन १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइड टाकलं होतं. त्यात माणसाच्या पेशी विरघळत जातात, बुरशीचं कवच मात्र तग धरतं. लांब तंतू दिसले. खात्रीसाठी कॅल्कोफ्लोर लावलं. मुळात हे कापड उजळवायचं रसायन. तंतू निळसर पांढरे चमकले आणि मी 'बुरशी' लिहून मोकळी झाले.

जुनी पट्टी परत काढली. तंतूंना आडवे पडदे जवळजवळ नव्हतेच, काही फितीसारखे दुमडलेले. हे पहिल्यांदाच खटकायला हवं होतं.

बुरशीच्या पेशीभिंतीत ग्लुकानचं, म्हणजे साखरेच्या लांब साखळ्यांचं जाळं, बाहेरून मॅनोज ही साखर लागलेली प्रथिनं आणि आत कायटिन असतं. कायटिन म्हणजे पावसाळ्यात आपण रश्शात टाकतो त्या खेकड्याच्या कवचातलं द्रव्य. ब्राकोनो या फ्रेंच शास्त्रज्ञानं ते १८११ मध्ये अळिंबीतूनच वेगळं काढलं. पण पिथियम नावाचा जीव बुरशीचं सोंग घेतो. त्याचं गणगोत समुद्रातल्या तपकिरी शैवालाकडचं, आणि भिंतीत ग्लुकानच्या जोडीला सेल्युलोज, म्हणजे गुऱ्हाळावरच्या चिपाडात असतं तेच. कॅल्कोफ्लोर कायटिनलाही चिकटतं आणि सेल्युलोजलाही. मी तिथंच फसले.

नवी खरवड आली. आधी आयोडीनचं द्रावण, मग सल्फ्युरिक आम्लाचा थेंब. खरी बुरशी पिवळट तपकिरी राहते. इथं तंतू निळे-काळे होत गेले. मी आमच्या टेक्निशियनला हाक मारली, "ये, बघ." तो म्हणाला, "शाई सांडली काय मॅडम?"

डॉक्टरांना लगेच फोन केला. नटामायसिन बुरशीच्या पेशीपटलातल्या एर्गोस्टेरॉल नावाच्या स्निग्ध द्रव्याला पकडतं. पिथियमच्या पटलात तेच नाही, मग औषध पकडणार कशाला? त्यांनी त्याच संध्याकाळी लिनेझोलिड आणि अझिथ्रोमायसिन सुरू केलं, दोन्ही जिवाणूंची औषधं. पुढं कल्चरही जमलं: वाढलेल्या तंतूंजवळ पाण्यात गवताची पाती ठेवली, तर सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणू चक्क पोहताना दिसले.

काकांना सांगायला गेले तर म्हणाले, "म्हंजे आल्याच्या कंदकुजीतलं पिथियम व्हय? त्येला आमी येगळंच औषध मारतोय की." आल्याच्या कुजीतले पिथियम दुसऱ्या जातीचे, पण खानदान एकच. शेतकऱ्याला ठाऊक होतं, आणि प्रयोगशाळेत बारा दिवस गेले.

पसरणं मंदावलं, तरी शेवटी बुबुळ बदलावं लागलं. पहिल्याच दिवशी आयोडीन टाकलं असतं तर वाचलं असतं का, असं मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "आणखी एक सॅम्पल पाठवलंय मॅडम. यांचंही शेत नदीकाठीच आहे."