शुगरच्या नावावर खपलेल्या मुंग्या

मला बारा-तेरा वर्षं मधुमेह आहे. त्यामुळे पायाला काहीही झालं तरी कारण तयारच असतं. तळव्यांना मुंग्या यायला लागल्या तेव्हा घरच्यांपासून शाळेतल्या सहकाऱ्यांपर्यंत सगळ्यांनी एकच निदान केलं, "शुगरमुळे असणार." आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं आणि रात्री घ्यायची एक गोळी लिहून दिली. तिने झोप छान लागायची. मुंग्या मात्र होत्या तिथेच.

मग हळूहळू तळव्याखाली सतत जाड मोजा असल्यासारखं वाटायला लागलं. एकदा वर्गातून स्टाफरूममध्ये आले आणि मागून शिपाईमामा माझी एक चप्पल हातात घेऊन आले. ती पायातून कधी निसटली, मला पत्ताच नाही. सकाळी तोंडाला साबण लावून डोळे मिटले की झोक जायचा, म्हणून एका हाताने बेसिन धरून ठेवायची सवय लागली. त्यानंतर बोटांची टोकंही बधिर झाली. फळ्यावर लिहिताना खडू हातात आहे की नाही, ते बघून कळायचं.

हातही आले म्हटल्यावर कुणीतरी मानेचं सुचवलं. एक्स-रे, एमआरआय झाला. मणक्यात थोडी झीज निघाली. पन्नाशी उलटलेल्या कुणाचाही एमआरआय काढला तर निघतेच. मानेला पट्टा आला, शेक आला. त्या पट्ट्याने मला तरी फक्त घाम दिला.

मिरजेत एका मेंदू-मज्जातंतूच्या डॉक्टरांकडे गेलो, तिथे पहिल्यांदा कुणीतरी माझे पाय हातात घेऊन तपासले. डॉक्टरांनी खणातून काढला तो चक्क नादकाटा! आयुष्यभर मुलांना विज्ञान शिकवताना टेबलावर आपटून दाखवलेला. त्यांचा १२८ हर्ट्झचा होता. त्यांनी तो वाजवून पायाच्या अंगठ्याच्या हाडावर टेकवला. "थरथर जाणवते का?" मी म्हटलं, "गार लागतंय." घोट्यावरही तेच, नुसतं गार. गुडघ्यावर कुठे जरा गुणगुण लागली, आणि मनगटाच्या हाडावर टेकवला तेव्हा चांगली झिणझिण आली. मग डोळे मिटायला लावून अंगठा वर-खाली केला आणि विचारलं, "आता कुठे?" मी ठोकून दिलं, ते बहुतेक चुकलंच. पाय जुळवून, डोळे मिटून उभी राहिले तर थेट आमच्या ह्यांच्या अंगावर.

त्यांनी फाइल चाळली आणि म्हणाले, "मॅडम, तुमची तीन महिन्यांची सरासरी साखर ६.८ आहे. इतक्या चांगल्या कंट्रोलमध्ये हात-पाय पाठोपाठ धरणं, त्यात एवढा तोल जाणं, हे सगळं शुगरच्या खात्यावर टाकायला मन धजत नाही. खाता काय?"

आमचं घर माळकरी. अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत येत नाही. दूध चहापुरतं, कोलेस्टेरॉलच्या धास्तीने तेही कमी झालेलं. वर इतकी वर्षं शुगरची मेटफॉर्मिन गोळी, आणि पित्तासाठी रोज सकाळची ॲसिडिटीची गोळी. डॉक्टरांनी कागदावर तीन रेघा ओढून समजावलं. नसांना लागणारं बी-१२ जीवनसत्त्व मिळतं ते प्राणिज पदार्थांतून, म्हणजे आमच्यासारख्यांना फक्त दूध-दह्यातून. अन्नातल्या प्रथिनांपासून ते सुटं व्हायला जठरातलं आम्ल लागतं, ते ॲसिडिटीच्या गोळीने कमी केलेलं. पुढे लहान आतड्याच्या शेवटच्या भागात ते शोषलं जातं, तिथे मेटफॉर्मिन आडवं येतं. रोजची गरज जेमतेम दोन-अडीच मायक्रोग्रॅमची, आणि यकृतात साठा काही वर्षं पुरेल एवढा. म्हणून तूट लगेच दिसत नाही.

गंमत म्हणजे माझा बी-१२चा रिपोर्ट आधीच फाइलमध्ये होता. २३८. लॅबने छापलेल्या मर्यादेच्या आत, ठळक अक्षर नाही की चांदणी नाही. "नॉर्मल आहे" म्हणून तो बाजूला पडला होता. हिमोग्लोबिनही चांगलं, त्यामुळे तिकडूनही कुणाला शंका यायचं कारण नव्हतं. रक्त उत्तम असूनही नसा बिघडू शकतात, हे मला तिथेच कळलं. दोनशे ते तीनशेच्या मधला आकडा लक्षणं असताना नॉर्मल धरायचा नसतो, असं डॉक्टरांचं म्हणणं. त्यांनी होमोसिस्टीन, म्हणजे बी-१२ कमी पडलं की रक्तात वाढणारा घटक, तपासायला सांगितलं आणि बजावलं, "रक्त देईपर्यंत ताकदीचं एकही इंजेक्शन घ्यायचं नाही." आमच्याकडे थकवा म्हटलं की ते बी-१२चं लाल इंजेक्शन टोचतातच. मग रक्तातला आकडा फुगतो आणि मूळ प्रश्न झाकला जातो.

ही तपासणी सगळीकडे नीट होत नाही. उपाशीपोटी गेले, तर लॅबमधल्या मुलाने रक्त काढल्याबरोबर नळी बर्फाच्या थर्मोकोल डब्यात ठेवली आणि धावतच आत नेली. नळी तशीच बाहेर राहिली तर आकडा खोटाच वाढतो म्हणे. माझा आला ४१. पंधरापर्यंत ठीक धरतात. हा आकडा ज्यांच्यामुळेही वाढतो त्या फोलेट (तेही एक बी जीवनसत्त्व) आणि किडनीच्या चाचण्या नीट होत्या, त्यामुळे बोट बी-१२कडेच गेलं.

एवढं होऊनही मी काही जगावेगळी नव्हे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने २००६ साली ४४१ मध्यमवयीन पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यात ६७ टक्क्यांचं बी-१२ कमी निघालं, आणि शहरी मध्यमवर्गात हे प्रमाण सर्वांत जास्त होतं. हे माहीत असूनही मुंग्यांच्या पेशंटला आधी मानेचा पट्टा का मिळतो, हे मला अजून उमगलेलं नाही.

इंजेक्शनं आधी एक दिवसाआड, मग आठवड्याला, आता महिन्याला. सुरुवातीला मुंग्या उलट वाढल्या आणि मी घाबरून फोन केला. काहींना असं होतं, चालू ठेवा, म्हणाले. हात आधी सुटले. खडू पुन्हा बोटांना लागायला लागला. तोल यायला बरेच महिने गेले. या काळात सल्ले देणाऱ्यांना तोटा नव्हता: मोड आलेली मटकी खा, शेवाळाच्या गोळ्या घ्या. मटकी चांगलीच, पण तिच्यात बी-१२ नसतं, आणि शेवाळातलं बरंचसं आपल्या शरीराला वापरताच येत नाही.

मेटफॉर्मिन बंद केलेलं नाही. साखरेसाठी ते चांगलं काम करतंय, फक्त वर्षातून एकदा बी-१२ बघायचं ठरलंय. ॲसिडिटीची गोळी डॉक्टरांनी हळूहळू सोडवली. डाव्या पायाची दोन बोटं अजून बधिर आहेत. तेवढं कदाचित खरंच शुगरचं असेल, असं डॉक्टर म्हणतात, आणि ते तसंच राहील याचीही तयारी ठेवायला सांगितली आहे. माझी जाऊ गेली आठ वर्षं शुगरची तीच गोळी घेते. तिला कालच लॅबमध्ये घेऊन गेले होते, तिच्या मुलाने आणलेली टॉनिकची बाटली उघडायच्या आधी.