बेस कुठला घेऊ आणि अ‍ॅम्प किती वॅटचा?

"दादा, बेस घ्यायचाय. उचलायला हलका पाहिजे, लई महाग नको. आणि अ‍ॅम्प किती वॅटचा लागंल?" राजारामपुरीतल्या कॉलेजच्या पोरांपासून इचलकरंजीच्या ऑर्केस्ट्रात नव्यानं लागलेल्या वादकापर्यंत सगळे बेस गिटारबद्दल हेच विचारतात. अ‍ॅम्प म्हणजे आवाज मोठा करणारा अ‍ॅम्प्लिफायर. बहुतेकांच्या डोक्यात अ‍ॅम्पचा आकडा आधीच ठरलेला असतो, माझ्याकडून फक्त मान डोलावून हवी असते. ती मी डोलावत नाही. माझं म्हणणं असं की पैसे आधी बेसवर घाला, अ‍ॅम्प सगळ्यात शेवटी. आणि बेस निवडताना नावाआधी वजन बघा, वजनाआधी तोल बघा.

आपल्याकडचे कार्यक्रम कसे असतात ते एकदा डोळ्यांसमोर आणा. गणपतीत मंडळाचा कार्यक्रम, लग्नसराईत हळदीची रात्र, थंडीत कॉलेजांची गॅदरिंगं, मधूनच एखाद्या शनिवारी पन्हाळ्याच्या हॉटेलात. साउंड चेकला चारला बोलावतात, मांडवात लाइट येते सहाला. मग दीपप्रज्वलन, सत्कार, शाल-श्रीफळ, आमदारांची वाट बघणं. दहाला बंद करायचं असतं, कारण ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम तेच सांगतात. बारापर्यंतची सूट वर्षातल्या मोजक्या दिवसांनाच मिळते. म्हणजे वाजवायचं दीड तास आणि बेस गळ्यात अडकवून उभं राहायचं तीन तास. त्याआधी तोच बेस पाठीवर टाकून गाडीवरून आलेला असता, आणि हॉल वरच्या मजल्यावर असला तर लिफ्ट बंद असणार हे धरूनच चालायचं.

साधारण बेस साडेतीन ते साडेचार किलोचा असतो. चार किलो ही माझी रेघ. तिच्या वरचा बेस कितीही गोड वाजत असला तरी मी दुसऱ्याला घे म्हणून सांगत नाही. हा एका किलोचा फरक दुकानात खुर्चीवर बसून वाजवताना अजिबात कळत नाही, दुसऱ्या तासाला डाव्या खांद्यात कळतो. वेबसाइटवर छापलेल्या वजनावरही फार विसंबू नका. लाकूड ते लाकूड, एकाच मॉडेलच्या दोन नगांत अर्ध्या किलोपर्यंत फरक निघतो. घरातला वजनकाटा घ्या, बेस घेऊन त्यावर उभे राहा, मग बेस ठेवून उभे राहा आणि वजाबाकी करा. दुकानदार हसला तर हसू दे.

आता तोल. नुसतं हलकं असून भागत नाही, कारण बॉडी हलकी आणि खुंट्या जड असल्या की बेस मान टाकतो. पट्टा लावून उभे राहा आणि दोन्ही हात सोडा. हेडस्टॉक, म्हणजे खुंट्यांचं टोक, जमिनीकडं निघाला तर तो बेस परत टांगून ठेवायला सांगा. असा बेस वाजवताना डाव्या हाताला दोन कामं पडतात, मान उचलून धरायची आणि वर सूर दाबायचे. मनगट कुठल्या कामानं दुखलं हेही मग कळत नाही. याचं कारण बघायला फार लांब जावं लागत नाही. पट्ट्याची वरची गुंडी बाराव्या फ्रेटच्या, म्हणजे मानेवरच्या (नेकवरच्या) बाराव्या धातूच्या पट्टीच्या, आसपास येत असेल तर बेस बहुधा सरळ राहतो. ती बॉडीकडं जितकी मागं सरकलेली, तितकी मान खाली. घेतलेला बेस थोडाच वाकत असेल तर आतून खरबरीत असलेला रुंद चामडी पट्टा लावा, तो खांद्यावर सरकत नाही. तेवढ्यानं भागलं नाही तर हलक्या खुंट्या बसवून घ्या. चार खुंट्यांत मिळून दीडशे-दोनशे ग्रॅमच वाचतात, पण ते नेकच्या अगदी टोकाला वाचतात, म्हणून फरक लगेच जाणवतो.

नावं सांगायची तर पहिल्यांदा आयबानेझची एसआर मालिका हातात घेऊन बघा. बॉडी पातळ, नेक बारीक, वजन बहुतेक वेळा माझ्या रेघेच्या आत. तितकं बजेट नसेल तर त्यांचाच गिओ, जीएसआर २००. यामाहाचे टीआरबीएक्स मालिकेतले खालच्या किमतीचे बेसही नेटके असतात. स्क्वायरचे प्रिसिजन आणि जॅझ आवाजाला उत्तम, पण त्यांत जड नग निघतात, तेव्हा काटा विसरू नका.

शॉर्ट स्केलला आपल्याकडं उगाच पोरखेळ समजतात. नेहमीच्या बेसची तार ३४ इंचांची, शॉर्ट स्केलची ३०. बॉडी लहान, नेक लहान, वजन कमी, बोटांना ताणही कमी. बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीनं १९६१ साली हॅम्बुर्गमध्ये घेतलेला होफनर असाच ३० इंची होता, पोकळ बॉडीचा, आणि त्याला पडला सुमारे तीस पौंडांना. स्वस्त होता आणि दोन्ही बाजूंनी सारखा दिसणारा, म्हणून डावखुऱ्याला उलटा धरला तरी शोभणारा. तो पुढं १९७२ मध्ये चोरीला गेला आणि सापडून परत मिळाल्याचं २०२४ मध्ये जाहीर झालं. त्या तीस पौंडांच्या बेसनं काय काय वाजवलं हे जगाला ठाऊक आहे, तेव्हा "शॉर्ट स्केलला दम नसतो" हे मला कुणी सांगू नये. खालच्या ई तारेचा घट्टपणा थोडा कमी असतो, हे मात्र खरं. जरा जाड तारांचा सेट लावला की ती कसर बरीचशी भरून निघते.

पाच तारा हव्यातच का, हाही प्रश्न येतो. पाचवी तार म्हणजे रुंद नेक, एक जास्तीची खुंटी आणि खाली ३१ हर्ट्झचा बी. तो बी आपल्या मांडवातल्या सिस्टिममधून सूर म्हणून क्वचितच बाहेर येतो, बहुतेकदा नुसती घरघर येते. गायिकेनं ऐन वेळी पट्टी उतरवली तर ई तार डी ला उतरवून बरंच निभतं. चार तारा पुरेत.

आता अ‍ॅम्प. लिओ फेंडरनं १९५१ साली प्रिसिजन बेस बाजारात आणला. माणसाएवढा उभा डबल बेस गाडीत कोंबून गावोगाव न्यायची कटकट त्यानं संपली. पुढं बेसवाल्यांनी ती कटकट अ‍ॅम्पच्या रूपानं परत ओढवून घेतली. १९६९ चा अँपेगचा एसव्हीटी म्हणजे व्हॉल्व्हचा ३०० वॅटचा हेड (स्पीकर नसलेला नुसता अ‍ॅम्प), एकटाच पस्तीस-चाळीस किलोचा, आणि त्याखाली आठ स्पीकरची साठ किलोच्या वरची पेटी. आज ट्रेस इलियटचा एल्फ नावाचा २०० वॅटचा हेड पाऊण किलोच्या आत बसतो. हे जमलं कसं? जुन्या अ‍ॅम्पमध्ये ५० हर्ट्झच्या विजेसाठी लोखंडाचा भलामोठा ट्रान्सफॉर्मर लागायचा. स्विचिंग पॉवर सप्लाय तीच वीज आधी खूप वरच्या फ्रीक्वेन्सीला नेतो, मग ट्रान्सफॉर्मर चिमुकला चालतो. क्लास डी प्रकारच्या अ‍ॅम्पमध्ये ट्रान्झिस्टर सेकंदाला लाखो वेळा पूर्ण चालू किंवा पूर्ण बंद होतो, अर्धवट उघड्या नळासारखा मध्येच राहत नाही. त्यामुळं उष्णता कमी आणि ती घालवायला लागणारी अ‍ॅल्युमिनियमची थप्पीही कमी. स्पीकरमध्ये साध्या फेराइटऐवजी निओडायमियमचं चुंबक आलं आणि पेटीही हलकी झाली. निओडायमियम महाग पडतं, तेव्हा हलक्या पेटीला जास्त पैसे लागले तर दुकानदारावर संशय घेऊ नका.

वॅटच्या आकड्याला मात्र भुलू नका. शंभरचे दोनशे वॅट केले तर फरक पडतो ३ डेसिबलचा. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट. शिवाय हेडवर जो ५०० वॅटचा आकडा छापतात तो बहुतेकदा ४ ओहमच्या स्पीकरचा असतो (ओहम म्हणजे स्पीकर विजेला करतो तो अडथळा). तुमच्याकडं ८ ओहमची एकच पेटी असेल तर त्यातले जेमतेम निम्मे किंवा थोडे जास्त मिळतात. फेंडरच्या रम्बल ५०० चंच उदाहरण घ्या, आतल्या स्पीकरवर तो ३५० वॅट देतो, बाहेर दुसरी पेटी जोडली तरच ५००. तरीही साडेसोळा किलोत एवढं काम करणारा तो माझ्या मते पैसा वसूल कॉम्बो (अ‍ॅम्प आणि स्पीकर एकाच पेटीत) आहे.

पण तुम्हाला तो लागतो का? मंडळाच्या स्टेजखाली साउंडवाल्यानं अठरा इंची स्पीकरच्या पेट्यांची भिंत रचलेली असते. उघड्या ई तारेचा सूर ४१ हर्ट्झचा, तो हवेत ढकलायचं काम त्या पेट्या तुमच्या अ‍ॅम्पपेक्षा शंभर पटींनी बरं करतात. तुमचा सूर तिथंवर स्वच्छ पोचला की झालं. त्यासाठी अ‍ॅम्प नव्हे, डीआय लागतो. तळहाताएवढी ही पेटी बेसचा सिग्नल मिक्सरला हव्या त्या रूपात एक्सएलआर (तीन पिनांच्या) वायरीनं देते. टेक २१ चा सॅन्सअ‍ॅम्प बेस ड्रायव्हर हा यातला नामांकित, आणि बेहरिंगरचा बीडीआय २१ ही त्याच वळणावरची अगदी स्वस्त प्लॅस्टिकची आवृत्ती. आवाजात तो किमतीपेक्षा खूपच बरा आहे, फक्त स्टेजवर कुणाचा पाय पडणार नाही असा ठेवा. डीआयवर ग्राउंड लिफ्टचं बटण आहे ना, ते बघून घ्या. जनरेटरवर लाइट आणि साउंड एकत्र चालले की जो "हंऽऽऽ" सुरू होतो, तो पुष्कळदा त्या एका बटणानं थांबतो. नाही थांबला तरी अ‍ॅम्पच्या प्लगची अर्थिंगची पिन कुणाला काढू देऊ नका. "हम जातंय की" म्हणून पक्कड घेऊन येणारे हौशी इलेक्ट्रिशियन प्रत्येक मांडवात असतात. करंट वायरीतून बेसच्या तारांवर आणि तिथून तुमच्या बोटांत येतो, म्हणून सांगतोय.

स्वतःला ऐकू यायला साउंडवाल्याकडून एक मॉनिटर मागून घ्या. तालमीला आणि हॉटेलातल्या छोट्या कार्यक्रमाला मात्र स्वतःचा छोटा कॉम्बो हवा. रम्बल ४० आठ किलोंच्या आसपास, रम्बल १०० दहाच्या आसपास, दोन्हींना मागं एक्सएलआर आउट आहे. दहा इंची स्पीकर ४१ हर्ट्झ पूर्ण देत नाही, पण वरचे स्वरांश ऐकून खालचा सूर कान आपणच भरून काढतो. खोलीत तेवढं पुरतं.

परदेशातून मामा-मावशीकडून हेड मागवणार असाल तर मागची पाटी वाचायला सांगा. १०० ते २४० व्होल्ट लिहिलं असेल तर ठीक. नुसतं १२० लिहिलं असेल तर इथल्या २३० व्होल्टला तो पहिल्या दिवशी जळेल. आणि हलक्या हेडचं एक दुखणं आधीच सांगून ठेवतो. त्यातले बोर्ड इतके बारीक असतात की जुना ट्रान्सफॉर्मरवाला अ‍ॅम्प उघडून दुपारपर्यंत चालू करून देणारा आपला मेकॅनिक इथं हात टेकतो. वॉरंटी असलेलाच घ्या.

सेकंड हँडला माझी हरकत नाही, उलट पहिला बेस तसाच घ्यावा. नेककडं एका टोकावरून बघा, पीळ दिसला तर सोडून द्या. नुसता बाक असेल तर ट्रस रॉडनं, म्हणजे नेकच्या आतल्या लोखंडी दांड्यानं, निघतो, मात्र रॉड फिरतोय ना, हे समोरच फिरवून बघायचं. मिरजेत पिढ्यान्‌पिढ्या सतारी आणि तंबोरे घडवणारे कारागीर आहेत, लाकडाबद्दल त्यांना विचारावं तेवढं थोडं, पण ट्रस रॉड हे त्यांचं काम नव्हे. आपल्या पावसाळ्यात नेक हलतेच. जुलैत तारा फ्रेटला लागायला लागल्या किंवा उंच झाल्या म्हणून घाबरून बेस विकायला काढू नका, ट्रस रॉड पाव वळसा फिरवून एक रात्र थांबा. अ‍ॅक्टिव्ह बेस (आत बॅटरीवरचं सर्किट असलेला) असेल तर वाजवून झाल्यावर वायरीचा जॅक काढून ठेवा, नाहीतर ९ व्होल्टची बॅटरी रात्रभर उतरत राहते.

वीस-पंचवीस हजार हातात असतील तर आज मी ते असे लावीन: सेकंड हँड एसआर किंवा नवा गिओ, रुंद पट्टा, स्वस्त डीआय, दोन चांगल्या वायरी आणि बॅटरीचा एक जोड. उरले तर जाड अस्तराची गिग बॅग आणि तिच्यावर चढवायचं पावसाळी कव्हर. कॉम्बोचं पुढच्या सीझनची बिदागी आल्यावर बघू, तोवर तालमीला कीबोर्डवाल्याच्या अ‍ॅम्पमध्येच घुसवा. आवाज जरा बेतानं ठेवा, स्पीकर त्याचा आहे.