हात न लावता केलेल्या वस्तू

हाताने केलेली वस्तू म्हटली की डोळ्यांपुढे सतत हलणारी बोटं येतात. विणणारी, वळणारी, कोरणारी. साच्यांमध्ये रेझिन, म्हणजे काचेसारखा घट्ट होणारा चिकट द्रव, आणि काँक्रीट ओतून वस्तू करायच्या नादी लागलेल्या माणसाला काम करताना बघाल तर मात्र साफ निराशा होईल. तो बराच वेळ वजनकाट्याकडे बघत असतो आणि उरलेला वेळ घड्याळाकडे. वस्तूला आकार साचा देतो, घट्टपणा रसायनं देतात आणि खरी घडामोड चाललेली असते तेव्हा आपण हात मागे बांधून उभं राहायचं असतं. मग यात हाताचं असं काय आहे, हा प्रश्न रास्तच आहे. माझ्या घरच्यांनी तो अनेकदा विचारलाय, विशेषतः जेवायच्या टेबलावर साचे मांडून ‘इथे उद्यापर्यंत कुणी धक्का लावू नका’ असं फर्मान काढल्यावर.

तयार साचे सर्रास मिळतात. पण स्वतः साचा करून बघितल्याशिवाय या प्रकरणाची गंमत कळत नाही. मूळ वस्तू खोक्यात चिकटवायची, भोवती फट राहू द्यायची नाही आणि वरून सिलिकॉन, म्हणजे रबरासारखं घट्ट होणारं द्रव, ओतायचं. तेही वस्तूच्या डोक्यावर भसकन नाही, तर खोक्याच्या एका कोपऱ्यात बारीक धारेने. मग ते आपापलं पसरत, हवेला पुढे ढकलत वर चढतं. सिलिकॉन रेझिनला चिकटत नाही, काँक्रीटलाही नाही. चिकटतं ते स्वतःच्याच जातभाईला. दोन भागांचा साचा करताना पहिल्या अर्ध्यावर, तो नंतर सुटा व्हावा म्हणून, लेपाचा हात फिरवायचा राहिला, तर दोन्ही अर्धे एकजीव होतात आणि आत वस्तू कायमची बंद. प्लॅटिनमच्या मदतीने घट्ट होणाऱ्या सिलिकॉनचे नखरे आणखी वेगळे. गंधक असलेल्या मातीवर ते ओतलं, किंवा नुसते लॅटेक्सचे हातमोजे लागले, तरी तेवढा भाग चिकटच राहतो, घट्ट होतच नाही.

या सिलिकॉनची नक्कल करायची ताकद थक्क करते. मूळ वस्तूवर अंगठ्याचा ठसा राहिला असेल तर तो प्रत्येक प्रतीवर येणार, रेषान् रेष. साचा आतून चकचकीत असेल तर रेझिन आरशासारखं निघतं आणि साचा मंद असेल तर तेच रेझिन धुरकट. वरून कितीही महागाची चकाकी मिसळा, पृष्ठभाग ठरवणार तो साचाच. काँक्रीटही यात मागे नाही. लंडनचं नॅशनल थिएटर 1976 मध्ये खुलं झालं. वास्तुरचनाकार डेनिस लॅस्डन. त्याच्या काँक्रीटच्या भिंतींवर लाकडाच्या शिरा स्पष्ट दिसतात, कारण ज्या फळ्यांच्या साच्यात ते काँक्रीट ओतलं त्या फळ्यांचं सगळं रूप त्याने उचललं. फळ्या कधीच निघून गेल्या, शिरा तेवढ्या भिंतीवर राहिल्या. म्हणजे हाताचं काम आहेच, फक्त ते ओतायच्या आधी झालेलं असतं. साच्यासाठी मूळ वस्तू घासताना ज्याने आळस केला त्याचा आळस पुढच्या सगळ्या प्रतींवर छापून येतो.

शिवाय डोकं उलटं चालवायला लागतं ते वेगळंच. अक्षरं उलटी कोरायची, हे सांगितल्यावर पटकन कळतं. पण रेझिनमध्ये थर द्यायचे असतील तर जे वस्तूत सगळ्यात पुढे दिसायला हवं ते सगळ्यात आधी ओतायचं आणि पार्श्वभूमी शेवटी. ओतताना वरून जे दिसत असतं ती वस्तूची पाठ. चेहरा तळाशी, अंधारात. वाळलेलं फूल ठेवायचं तर तेही पालथं. चित्र काढणाऱ्याची सवय बरोबर याच्या विरुद्ध असते. त्यामुळे चांगले चित्रकार इथे सुरुवातीला चाचपडतात आणि ज्यांना चित्रातलं ओ का ठो कळत नाही ते बिनधास्त पुढे जातात.

फुलाचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. फूल पूर्ण वाळलेलंच हवं. ताज्या फुलात पाणी असतं. रेझिनने ते कोंडलं तरी नासायचं थांबत नाही, फूल आतल्या आत तपकिरी पडतं. पुस्तकात दाबून किंवा सिलिका जेलच्या ओल शोषणाऱ्या दाण्यांत पुरून वाळवावं. रंग थोडा उतरतो, त्याला इलाज नाही.

आता रेझिन. दोन नळ्यांचा तो चिवट डिंक घराघरात असतो, त्याच एपॉक्सीच्या गोतावळ्यातलं हे प्रकरण. एका बाटलीत रेझिन, दुसरीत ते घट्ट करणारा हार्डनर. प्रमाण बाटलीवर लिहिलेलं असतं आणि ते मापाने आहे की वजनाने, हेही लिहिलेलं असतं. दोन्हींची घनता सारखी नसते, त्यामुळे मापाचं प्रमाण काट्यावर लावलं की हिशेब चुकला. हार्डनर थोडा जास्त घातला तर लवकर घट्ट होईल, असा एक लाडका गैरसमज आहे. होत काहीच नाही, उलट वस्तू जन्मभर चिकट राहते. इथे रेणू रेणूला जोडला जात असतो, एका बाजूचे उरले की ते तसेच लोंबकळत राहतात. म्हणून मोजायचं चोख आणि ढवळायचं सावकाश, कडा आणि तळ खरवडत, चांगली तीन-चार मिनिटं. सुरुवातीला द्रवात तारा तारा दिसतात. त्या विरून सगळं नितळ झालं की समजायचं, झालं. जोरात घोटलं तर बुडबुडे. थंडीत रेझिन दाट आणि आळशी होतं, मग बुडबुडे वर यायचं नाव घेत नाहीत. अशा वेळी बाटली कोमट पाण्यात धरली की काम सोपं होतं.

आणखी एक. मिसळलेलं रेझिन पेल्यात भरून ठेवून गप्पा मारत बसू नये. घट्ट होताना ते उष्णता सोडतं, ढीग जितका मोठा तितकी उष्णता आत कोंडते, ती प्रक्रियेला आणखी पळवते आणि बघता बघता पेला हातात धरवत नाही. प्रसंगी धूरही निघतो. तेच पातळ पसरून ओतलं तर ते कितीतरी शांतपणे घट्ट होतं. ओतल्यावर वरून गरम हवेचा झोत पळता फिरवला की वरचे बुडबुडे टपाटप फुटतात. या सगळ्या उद्योगात मला सर्वात समाधान कशात मिळत असेल तर ते यात. त्यानंतर झाकण ठेवायचं. पुढचा दिवसभर घरात नुकतंच झोपवलेलं तान्हं मूल असल्यासारखं वावरायचं.

उघड्या हातांनी रेझिन कालवणारे व्हिडिओ बघून माझं डोकं उठतं. एपॉक्सीची त्वचेला ॲलर्जी होऊ शकते आणि एकदा झाली की ती सहसा जात नाही. नायट्राइलचे हातमोजे, उघडी खिडकी, घासताना मास्क. सिमेंटचंही तेच. ओलं सिमेंट चांगलंच अल्कधर्मी असतं, कातडी सोलवटून काढतं, आणि कोरडं असताना त्याची धूळ छातीत जाते.

तरी मला विचाराल तर माझा कल काँक्रीटकडे. रेझिन नटवं आहे. ते सगळं दाखवतं, त्यात सोनेरी चुरा आला, समुद्राच्या लाटा आल्या, आणि शेवटी घरात कपाखाली ठेवायच्या चकत्या इतक्या होतात की तेवढे कपही नसतात. काँक्रीट त्या मानाने अबोल. एक भाग सिमेंट, दीड-दोन भाग बारीक चाळलेली वाळू आणि पाणी बेताने. खडी नसल्यामुळे स्थापत्य अभियंते याला काँक्रीट म्हणू देत नाहीत, पण त्यांच्याकडे दुर्लक्ष करावं. पाणी वाढवलं की ओतायला सोपं जातं, हा मोह मोठा. पण ते जास्तीचं पाणी पुढे उडून जातं आणि मागे छिद्रं ठेवतं, वस्तू भुसभुशीत होते. त्यापेक्षा दाट कालवावं आणि साचा टेबलावर टकटक आपटावा. हवा वर येते, पृष्ठभाग हळूहळू ओलसर चकाकतो.

सिमेंट वाळून घट्ट होत नाही, पाणी पिऊन होतं. म्हणून साच्यातून काढलेली वस्तू उन्हात ठेवायची नाही, ओल्या फडक्यात गुंडाळायची. बांधकामावर नव्या स्लॅबला पाणी मारतात ते याचसाठी, आणि ताकद मोजायची ती 28 दिवसांनी. साच्यातून निघते तेव्हा कुंडी गडद राखाडी असते आणि पुढचे काही दिवस रोज थोडी फिकट होत जाते. कुंडीत रोप लावायची घाई असेल तर आधी ती पाण्यात बुडवून ठेवावी, पाणी बदलत राहावं. नाहीतर सिमेंटचा चुना मातीत उतरतो आणि रोप रुसतं.

कुंडीला कमी लेखू नये. लोखंड घातलेलं काँक्रीट, ज्यावर आजचे पूल आणि इमारती उभ्या आहेत, त्याच्या सुरुवातीच्या पेटंटांपैकी एक झोझेफ मोनिए या फ्रेंच माळ्याचं. साल 1867. त्याला पूल बांधायचा नव्हता, फुटणाऱ्या कुंड्यांचा कंटाळा आला होता. त्याने लोखंडी जाळीवर सिमेंट थापलं. काँक्रीट दाबाला खंबीर आणि ताणाला कच्चं, ताण लोखंडाने घ्यायचा. घरच्या पातळ ट्रेमध्ये काचतंतूंची जाळी घालतात ती याच कारणाने. आपला ट्रे मधोमध तडकला तर निदान दीडशे वर्षांपूर्वीच्या एका माळ्याची अडचण आपल्याला नेमकी कळलेली असते.

आणि उरलेलं काँक्रीट बेसिनमध्ये धुवायचं नाही. ज्याला घट्ट व्हायला पाणीच लागतं, ते नळीच्या वाकणात बसून खुशाल दगड होतं. भांडी, थापी, हात सगळं एका जुन्या बादलीत धुवावं, बादली रात्रभर ठेवावी आणि तळाचा गाळ घट्ट झाला की उपटून टाकावा. बादलीही एक साचाच असल्यामुळे तिच्यातून निघणारी चकती हमखास गुळगुळीत, बिनबुडबुड्याची आणि आपण मेहनत घेऊन केलेल्या वस्तूपेक्षा सरस असते. आमच्याकडे दाराला अडसर म्हणून तीच ठेवलेली आहे.