पहिल्या कपाचा मान

रविवार, रात्री साडेदहा

झोप येत नाहीये. अन्वी म्हणाली, दुपारभर ऊलाँग प्यायलीस, मग कशी येईल? असेलही तसं. पण चहाने उडालेली झोप मला ओळखू येते, ती डोळ्यांत असते. आजची छातीत आहे.

झालं काय, तर वेईने, अन्वीच्या होणाऱ्या नवऱ्याने, चहाचा पहिला कप माझ्यापुढे ठेवला. एवढंच. कोणाला सांगितलं तर म्हणतील, मग चांगलंच आहे की, मुलगा वळणाचा आहे. आहेच तो वळणाचा. तक्रार नाहीच माझी. पण तेव्हापासून काहीतरी टोचतंय आणि ते नेमकं काय, हे लिहिल्याशिवाय मला कळणार नाही.

चहाघर विहीणबाईंच्या आवडीचं. सिंगापूरच्या चायनाटाउनमध्ये, जुन्या शॉपहाउसच्या, म्हणजे खाली दुकान आणि वर घर अशा इमारतीच्या, वरच्या मजल्यावर. अरुंद लाकडी जिना, उंच झडपांच्या खिडक्या, बसायला दगडी बैठकीची गोल टेबलं आणि खिडकीपाशी जमिनीवर गाद्या. खाली रविवारची गर्दी, गाड्या, सुटकेसा ओढणारे पर्यटक. जिना चढून वर आलं की ते सगळं खालीच राहतं. 1989 साली हा भाग संरक्षित म्हणून जाहीर झाला म्हणून ही घरं राहिली. माझ्या आईला, माईला, आम्ही नील रोडवरच्या टी चॅप्टर या चहाघरात नेलं होतं. तिथे त्याच 1989 साली इंग्लंडची राणी एलिझाबेथ चहाला आली होती. माईने आधी राणी कुठे बसली होती ते विचारून घेतलं आणि मगच पदर सावरून बसली. त्या दिवशी पहिला कप कोणापुढे ठेवला गेला, हे मला आठवतसुद्धा नाही. माईपुढेच ठेवला असणार. तो दुसऱ्या कोणापुढे जाईल असं मनातही आलं नव्हतं, म्हणून आठवत नाही.

आज आम्ही चौघं होतो आणि कप तीन. अन्वीने जाताना गाडीतच सांगून ठेवलं होतं की आई, चौथा मागू नकोस. ही मंडळी मूळची चीनमधल्या छाओझोउची, इथे टिओच्यू म्हणतात. त्यांच्या जुन्या रीतीत कप तीनच, माणसं कितीही असोत. वडीलधाऱ्यांनी आधी प्यायचं, कप गरम पाण्यात विसळायचे आणि पुढची फेरी बाकीच्यांची. 2022 साली युनेस्कोने चीनमधली चहाची परंपरा वारशाच्या यादीत घेतली, त्यात ही छाओझोउची पद्धतही आहे, असं वेईने फार अभिमानाने सांगितलं. मुलगा एरवी कमी बोलतो. चहाबद्दल मात्र भरभरून.

त्याचे हात बघण्यासारखे होते. मातीची चहादाणी माझ्या मुठीत मावेल एवढीच, आणि तिच्यात पानं जवळजवळ काठापर्यंत. फंगह्वांग डोंगरावरचा दानत्सोंग ऊलाँग, लांब, काळपट, पीळ पडलेली पानं. उकळतं पाणी ओतलं, वर आलेला फेस झाकणाने बाजूला सारला आणि ते पहिलं पाणी प्यायला न देता कपांवरच ओतून टाकलं. मग एक कप आडवा करून दुसऱ्या कपातल्या गरम पाण्यात उभा धरला आणि अंगठ्याने व दोन बोटांनी गरागरा फिरवला. चिनी मातीवर चिनी माती फिरल्याचा बारीक किणकिण आवाज. बोटं भाजत असणार, पण चेहऱ्यावर काही नाही. पुन्हा पाणी घातलं, थोडे क्षण थांबला आणि तिन्ही कपांवरून चहादाणी गोल गोल फिरवत ओतत राहिला, म्हणजे एक कडक आणि एक फिका असं होत नाही. शेवटचे थेंबसुद्धा मोजून, एक इथे, एक तिथे.

आणि मग दोन्ही हातांनी पहिला कप माझ्यापुढे.

मी तो विहीणबाईंकडे सरकवला. विचार करून नव्हे, हात आपोआप गेला. आपल्याकडे पहिला मान मुलाकडच्यांचा, हे आमच्या घरात इतकं मुरलेलं आहे की माझी बोटं त्याच वळणाने चालतात. त्यांनी कप तितक्याच शांतपणे परत माझ्याकडे सरकवला. म्हणाल्या, ‘नाही, तुम्ही ससा, मी साप.’

पहिल्या भेटीतच त्यांनी माझं जन्मवर्ष विचारायच्या ऐवजी त्या वर्षाचा चिनी प्राणी विचारला होता. मी 1963 ची, म्हणजे ससा. त्या 1965 च्या, साप. दोन वर्षांनी मी मोठी. तेव्हा मला ती गंमत वाटली होती. आज त्याचा हिशेब झाला.

मग प्यायले. वास मधासारखा, आणि गिळल्यावर मागून घशात येणारा गोडवा. चांगलाच होता. दोन बोटांनी टेबलावर हलकेच टकटक केलं, तसं करायचं असतं म्हणून. छिएनलुंग बादशहा वेष पालटून फिरत असताना त्याने स्वतः चहा ओतला, आणि नोकराला तिथे नमस्कार करता येईना म्हणून त्याने बोटं वाकवून टेकवली, अशी त्यामागची गोष्ट सांगतात. पण मी ते करताना मला वाटत होतं की ही मी नव्हे, कोणीतरी मोठी बाई इथे बसली आहे आणि मी तिच्या जागेवर चुकून टेकले आहे. आत्ता ती येईल.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी विसरूनही गेले असते.

गोड आलं. विहीणबाईंनी आधीच फोन करून ओर्‌नी सांगून ठेवली होती, आणि माझ्यासाठी डुकराच्या चरबीऐवजी तेलात घोटायला लावली होती. हे त्यांनी मला सांगितलं नाही, वाढणाऱ्या मुलीच्या तोंडून कळलं. ओर्‌नी म्हणजे अळकुडीचं गोड. इथली अळकुडी भलीमोठी असते. ती वाफवून, कुस्करून, साखर घालून इतका वेळ घोटतात की चमच्यावरून साजूक तुपातल्या शिऱ्यासारखी घसरते. वर गिंको बिया, पिवळ्या, किंचित कडसर. त्या कडूपणामुळेच ती गोडी सोसते. टिओच्यू लग्नाच्या जेवणात शेवटी हीच असते. मला फार आवडली. इथे इतकी वर्षं काढून मी अळकुडी भाजीपलीकडे नेली नव्हती.

दुसरं तांगयुआन. तांदळाच्या चिकट पिठीचे गोळे, आत काळ्या तिळाचं सारण, आल्याच्या गरम पाकात सोडलेले. 21-22 डिसेंबरला, वर्षातल्या सगळ्यांत लहान दिवशी, हे घरोघरी करतात आणि ते खाल्लं की वय एका वर्षाने वाढलं असं धरतात. अन्वी हसत म्हणाली, मग मी एकच खाते. मी वाटी संपवली.

तेवढ्यात विहीणबाईंनी वही काढली. लग्नाच्या सकाळी मुलामुलीने वडीलधाऱ्यांना चहा द्यायचा असतो, लाल खजूर, लोंगान (लिचीसारखं फळ) आणि कमळबिया घातलेला गोड चहा. दोन खुर्च्या मांडतात, एकेक जोडी बसते, मुलं समोर गुडघे टेकून दोन्ही हातांनी कप देतात आणि ज्याला जे म्हणायचं ते नाव घेऊन हाक मारतात. मोठे आधी, मग उतरत्या क्रमाने. त्यांच्याकडची यादी तयार होती, सगळ्यांत वर वेईची आजी. मुलीला घालायचे सोन्याचे चार डाग कोणते, तेही एका बाजूला लिहिलेलं. मग पान उलटून पेन हातात धरून म्हणाल्या, ‘तुमच्याकडे सगळ्यांत मोठं कोण?’

माझं तोंड उघडलं ते ‘मा’ म्हणायला.

मग मी म्हणाले, मी.

त्यांनी लिहिलं. माझ्या नावाचं स्पेलिंग विचारून, नीट, पहिल्या ओळीवर. दुसऱ्या खुर्चीबद्दल त्यांनी विचारलं नाही आणि मीही काही बोलले नाही. ते नंतर बघू.

तर टोचतंय ते हे. माई गेली तेव्हा रडले, तेरावं झालं, दादरचं घर आवरलं, त्या कपाटाचं जे काही झालं ते झालं. दुःख म्हणून जे असतं ते सगळं केलं. पण माझ्या वर आता कोणी नाही, हे त्या सगळ्यात कुठेच आलं नव्हतं. ते आज एका परक्या भाषेतल्या वहीच्या पहिल्या ओळीवर आलं. घरात सगळ्यांत मोठं असणं म्हणजे मला नेहमी माई वाटायची, एक विशिष्ट बाई. ती जागा आहे, आणि रिकामी राहत नाही, हे मला कुठे माहीत होतं?

आणि मला ती नको आहे. हे इथे तरी लिहू दे. मला अजून कोणालातरी विचारायचं आहे. रुखवतात काय ठेवायचं, वेईला हळद लावायची का, त्यांच्याकडे काळं चालत नाही तर चंद्रकळा नेसायची की नाही. यातलं काहीही अडलेलं नाही, मला सगळं कळतं, उत्तरं माहीत आहेत. तरी विचारायचं असतं. ‘कर तुला हवं तसं’ असं कोणीतरी म्हणायला लागतं. ते म्हणणारं माणूस मीच झाले तर मला कोण म्हणणार? साठी उलटलेल्या बाईने असं लिहावं का, माहीत नाही. पण कपाकडे बघताना मला अगदी पोरकं वाटलं, समोर लेक बसलेली असताना.

पाणी प्यायला उठले होते. परत बसले तेव्हा एक गोष्ट लक्षात आली, तीही लिहून ठेवते.

आजी गेली तेव्हा माई पन्नाशीलाही पोचली नव्हती. म्हणजे माझ्यापेक्षा कितीतरी लहान वयात ती त्या जागेवर आली होती. काका लोक सगळे धाकटे, त्यामुळे गौरीगणपतीला पहिला पाट तिचा झाला. तिला तेव्हा काय वाटलं असेल, हे मी तिला एकदाही विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही. मला आठवतं ते इतकंच की त्या वर्षी गौरी नेहमीसारख्या आल्या, पुरणपोळ्या झाल्या आणि माई नेहमीसारखी मधल्या खोलीत बसून कोणी काय करायचं ते सांगत होती. कदाचित रात्री तीही जागी असेल. मला ती जन्मजात मोठी वाटली कारण मी लहान होते. अन्वीला मी तशीच वाटत असणार. आज टेबलावर तिला काहीच वेगळं दिसलं नाही. तिच्या दृष्टीने कप जिथे जायला हवा तिथेच गेला.

आणि दुसरं म्हणजे, तो क्रम पहिल्या फेरीपुरताच होता. दुसऱ्या-तिसऱ्या पाण्यानंतर कोण कुठला कप उचलतंय याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. मी प्यायलेला कप वेईने विसळून स्वतःसाठी भरून घेतला, मी विहीणबाईंचा घेतला. आम्ही ती चहादाणी पार रंग उतरेपर्यंत चालवली. वेई म्हणाला, दानत्सोंग दुसऱ्या-तिसऱ्या पाण्याला खरा खुलतो. खरंच, तिसऱ्या फेरीला त्यात फुलांचा वास आला, पहिल्याला नव्हता. विहीणबाई सांगत होत्या, लग्न होऊन आल्यापासून त्या सासूबाईंना रोज सकाळी चहा करून देतात, आणि म्हातारी अजून रोज म्हणते की पानं कमी पडली. हे सांगताना त्यांचा चेहरा इतका उजळला होता! मला हेवा वाटला त्यांचा. वाटू दे.

मी त्यांना विचारलं, चहा प्यायल्यावर मोठ्यांनी काय करायचं असतं? त्या म्हणाल्या, काही नाही, कप रिकामा करायचा, दोन चांगले शब्द बोलायचे, लाल पाकीट द्यायचं, हवं तर दागिना घालायचा. तुमच्या भाषेत बोला. मी म्हटलं, जमेल.

आणि जमेल खरंच. रिकाम्या कपानंतर माईच्या पाटल्या मी अन्वीच्या हातात तिथेच घालणार. लॉकरमध्ये ठेवून काय करायच्या? नारायणपेठ नेसेन, ती मरून, काळं कुठेच नाही तिच्यात. वेईला अन्वी ‘आई, चहा घ्या’ शिकवते आहे. आज गाडीत त्याने दोनदा म्हणून दाखवलं, ‘घ्या’ अजून नीट येत नाही, येईल.

आत्ताच नंदूला फोन केला, तिकडे आठच वाजले होते. यादी सांगितली. पहिली मी, मग तू आणि वंदना, मग शुभा. तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘म्हणजे माझा दुसरा नंबर?’ मी म्हटलं, हो, आणि पाकीट लाल हवं, आकडा सम हवा, पण त्यात चार नको. आणि तिकिटं या आठवड्यात काढ, चिनी नववर्षाच्या आसपास दर वाढतात. ‘बरं ताई’ म्हणाला. तिकिटांचं एवढं ऐकून लगेच ‘बरं’ म्हणण्यातला तो नाही. आज म्हणाला.