तुम्ही विचारलंत म्हणून: विरोधी पक्षाचा आमदार विधानसभेत करतो तरी काय?

लग्नात, लिफ्टमध्ये, वॉर्ड ऑफिसच्या रांगेत, कुठेही मी कुणाकडे कामाला आहे हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला. "तुमचे साहेब विरोधी पक्षात ना? मग ते विधानसभेत करतात तरी काय, ओरडण्याशिवाय?" काही जण चहा घेता घेता सहज विचारतात, काही जण टीव्हीवर पाहिलेले विधान भवनाच्या पायऱ्यांवरचे फलक आठवून हसत विचारतात, आणि ज्यांच्या घराला टेकू लावलेले आहेत ते हसत नाहीत. आजवर मी प्रत्येकाला अर्धवट उत्तर देत आले, आज एकदाच पूर्ण लिहून टाकते.

मी मुंबईतल्या एका आमदारांच्या ऑफिसात असते. गृहनिर्माण आणि नगरविकास या दोन खात्यांचे त्यांचे प्रश्न मी लिहिते. साहेबांचं नाव, पक्षाचं नाव सांगत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळेल. उपकरप्राप्त इमारत म्हणजे काय, संक्रमण शिबिर म्हणजे काय, पागडी म्हणजे काय हेही सांगत बसत नाही, कारण मला हा प्रश्न विचारणारे बहुतेक त्यातच राहतात.

तर काम काय, तर एक "होय" मिळवणं. तारांकित प्रश्नाचा, म्हणजे ज्याचं उत्तर छापून येतं आणि सभागृहात मंत्र्यांना त्यावर आणखी विचारता येतं त्या प्रश्नाचा, साचा असतो, "सन्माननीय गृहनिर्माण मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय", मग पहिला उपप्रश्न "अमुक इमारतीतील रहिवाशांना विकासकाने भाडे देणे बंद केले आहे, हे खरे आहे काय", मग "असल्यास, शासनाने काय कार्यवाही केली", मग "नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत". आणि उत्तर येतं, "हे खरे नाही. प्रश्न उद्भवत नाही." दोन ओळी, विषय संपला. नवीन माणूस काय करतो, सगळा राग पहिल्याच उपप्रश्नात कोंबतो, भाडं बंद, छत गळतं, बिल्डर पळाला, अधिकारी मिळालेले, सगळं एका वाक्यात. त्यातली एक तारीख चुकली की खात्याला अख्ख्या वाक्याला "हे खरे नाही" म्हणायची सोय होते. म्हणून पहिला उपप्रश्न इतका बारीक, इतका कोरडा लिहायचा की नाही म्हणताच येऊ नये. तरी "हे अंशतः खरे आहे" येतंच, आणि कुठला अंश खरा ते ब्रह्मदेवालाही कळत नाही.

पण "होय" आलं तर तो कागद झाला. सरकारने लेखी मान्य केलं की भाडं थकलंय, मग तो कागद घेऊन रहिवासी वकिलाकडे जातात, म्हाडात, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणात जातात, आणि टेबलापलीकडचा माणूस "तुम्ही म्हणताय तसं काही नाही" असं म्हणू शकत नाही. हे टीव्हीवर कधीच दिसणार नाही. आता तुम्ही म्हणाल, एवढ्यासाठी आमदार निवडून दिला का? विचारा, मीही स्वतःला विचारते.

आता ती चाळ. तिच्याबद्दल लिहायचं टाळत होते.

इमारत धोकादायक म्हणून रिकामी केलेली, बिल्डरने पाया खणला आणि पैसे संपले म्हणून थांबला, भाडं सुरुवातीला वेळेवर, मग तीन-तीन महिने उशिरा, मग बंद. अर्धे लोक विरार-बदलापूरला गेले, उरलेले संक्रमण शिबिरात, म्हणजे तात्पुरत्या खोल्यांत. आम्ही लक्षवेधी सूचना दिली, म्हणजे तातडीच्या विषयावर मंत्र्यांना सभागृहात निवेदन करायला लावणारी सूचना, आणि ती पावसाळी अधिवेशनात लागली. लक्षवेधी लागणं ही काय चीज आहे ते बाहेरच्याला कळणार नाही, सूचना ढिगाने येतात आणि रोज लागतात मोजक्या. मंत्र्यांचं छापील निवेदन आदल्या रात्री हातात आलं. त्यात चक्क लिहिलेलं होतं की भाडं थकलंय हे खरं आहे आणि विकासकाला दिलेली एनओसी रद्द करण्याची कार्यवाही प्रस्तावित आहे. साहेबांनी त्यावर विचारायचे उपप्रश्न मी पेन्सिलने समासात लिहिले, कुठली तारीख मागायची, मंत्री "तपासून घेऊ" म्हणाले तर लगेच काय विचारायचं, सगळं.

चाळीतले सात-आठ जण गॅलरीत बसायला आले होते. पास काढलेले, मोबाईल खाली जमा केलेले, बायका ठेवणीतल्या साड्या नेसून. एका काकूंनी पर्समध्ये शेवटच्या भाडेपावतीची झेरॉक्स ठेवली होती, मंत्री खोटं बोलले तर दाखवता येईल म्हणून. गॅलरीतून काही दाखवता येत नाही हे मी त्यांना सांगितलं नाही.

प्रश्नोत्तराचा तास संपला, कागदपत्रं पटलावर ठेवून झाली, लक्षवेधी सुरू व्हायच्या, आणि आमच्याच बाकांवरून एक जण दुसऱ्याच विषयावर उठला. विषय खोटा नव्हता, राज्यभर पेटलेला होता, त्यावर चर्चा नाकारल्याचा राग होता. घोषणा सुरू झाल्या, मग सगळे वेलमध्ये, म्हणजे अध्यक्षांसमोरच्या मोकळ्या जागेत, मग दहा मिनिटं तहकूब, मग पुन्हा घोषणा, पुन्हा तहकूब. आमची लक्षवेधी यादीत शेवटून दुसरी. दुसऱ्या तहकुबीनंतर पक्षाकडून निरोप आला की सगळ्यांनी पुढे यायचं, आणि साहेबही उठले. निवेदनाची ती प्रत, माझ्या पेन्सिलीसकट, घडी करून जॅकेटच्या खिशात घातली आणि वेलमध्ये जाऊन उभे राहिले. घोषणा देत नव्हते, नुसते उभे होते. मला वरून दिसत होतं. चाळीतल्या लोकांनाही दिसत होतं. शेवटी दिवसभरासाठी तहकूब.

खाली मोबाईल परत घ्यायच्या रांगेत काकूंनी मला विचारलं, "अहो ताई, ते ओरडणारे आपलेच होते ना?" मी हो म्हटलं. "आणि आपले साहेब पण होते त्यात." त्यांच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं, पण त्या नुसती खात्री करून घेत होत्या. मी पक्षादेश, सभागृहाची परिस्थिती, सरकारने चर्चा कशी नाकारली वगैरे सांगायला लागले, त्या मान हलवत राहिल्या आणि मधेच म्हणाल्या, "मग आता उद्या येऊ का?"

उद्या काय येणार. पुढच्या दिवसांच्या याद्या भरलेल्या होत्या, अधिवेशन संपत आलं होतं, लक्षवेधी गेली ती गेली. छापील निवेदन घेऊन चाळकमिटीवाले संबंधित ऑफिसात गेले तर तिथल्या साहेबांनी कागद उलटसुलट करून सांगितलं की हे सभागृहात झालंच नाही, त्यामुळे आमच्या दृष्टीने हे निवेदन नाही. पुढच्या अधिवेशनात तोच मजकूर आम्ही तारांकित प्रश्न म्हणून दिला. उत्तर आलं, "हे अंशतः खरे आहे."

त्या रात्री मी साहेबांशी भांडले. ते म्हणाले, मी एकटा बाकावर बसून राहिलो असतो तर लक्षवेधी झाली असती का? नसती झाली, हे बरोबर आहे, एका माणसाच्या बसण्याने सभागृह चालत नाही. मी म्हटलं, निदान काकूंना तुम्ही बसलेले दिसला असतात. यावर ते काही बोलले नाहीत, आणि आजही मला कळत नाही की माझा मुद्दा राजकारणाचा होता की नुसताच भावनेचा.

तेव्हा मी पक्षाला लांबलचक टिपण लिहून दिलं होतं की लक्षवेधीच्या वेळेत तरी गोंधळ करू नका. आज ते वाचलं की ते टिपण लिहिणाऱ्या बाईशी, म्हणजे तेव्हाच्या माझ्याशीच, वाद घालावासा वाटतो. अगं, त्या चाळीची मंत्र्यांच्या दालनात बैठक लागली ती कशामुळे? तुझ्या बारीक कोरड्या उपप्रश्नामुळे नाही, शिबिरातलं छत पडल्याचं चॅनलवर दिसलं आणि आमच्या लोकांनी तो फोटो फलकावर लावून पायऱ्यांवर आरडाओरडा केला म्हणून. इतिवृत्त निघालं, काही महिने भाडं सुरू झालं. मग परत बंद पडलं, तेव्हा ती टिपणवाली बाई म्हणते, बघ, ओरडून मिळालेलं टिकत नाही. दोघींचंही पटतं. मी दोघींनाही पगार देत नाही.

आता "तुम्ही सत्तेत होतात तेव्हा काय केलंत" हा पोटप्रश्न. रास्त आहे. मालकाने मुदतीत पुनर्विकास केला नाही तर भाडेकरूंना संधी आणि त्यांनीही नाही केला तर म्हाडाने इमारत ताब्यात घ्यायची, ही म्हाडा कायद्यातली 79-अ ची तरतूद विधिमंडळाने 2020 मध्ये केली, तेव्हा आम्ही सत्तेत होतो. राष्ट्रपतींची मंजुरी यायला 2022 चा डिसेंबर उजाडला, तोवर आमचं सरकार गेलेलं. मग म्हाडाच्या नोटिसा धडाधड निघाल्या आणि जुलै 2025 मध्ये उच्च न्यायालयाने त्यातल्या 935 रद्द केल्या. म्हणजे कायदा आमचा, नोटिसा त्यांच्या आणि मधे लोंबकळणारे लोक तुमच्या-आमच्या ओळखीचे. याचं श्रेय घ्यायला आम्ही पुढे होतो, तर जबाबदारीच्या वेळी मागे कसे राहू, असं मी साहेबांना म्हटलं. ते म्हणाले, भाषणात नको घालू.

आणि महापालिका. मुंबईची मुदत 7 मार्च 2022 ला संपली आणि मतदान झालं जानेवारी 2026 मध्ये. पाच वर्षांच्या आत निवडणूक घ्या असं राज्यघटनेच्या 243-यू मध्ये स्वच्छ लिहिलेलं असताना जवळजवळ चार वर्षं प्रशासक. 2025-26 चं 74 हजार 427 कोटींचं बजेट एकही नगरसेवक नसताना मांडलं गेलं आणि मंजूरही झालं. स्थायी समितीत जो प्रश्न पाच मिनिटांत निघाला असता, गल्लीतला नाला, दवाखान्यातला डॉक्टर, तो सगळा आमच्या ऑफिसात यायला लागला आणि मी त्याचे विधानसभेचे प्रश्न करत बसले. राज्याच्या सभागृहात एका गटाराचं झाकण! नगरविकास खात्यातले लोक वैतागायचे, आणि मला त्यांचा राग येत नसे. यातही आमचे हात अगदी स्वच्छ नाहीत, 227 चे 236 वॉर्ड आमच्या वेळी केले, पुढच्या सरकारने ते परत 227 केले, आणि कोर्टकज्ज्यांत वॉर्डांचाही वाटा होता. पण चार वर्षं निवडणूक न घेण्याचा दोष वॉर्डांवर ढकलणाऱ्याशी मी अजून भांडेन.

वडीलधारे लोक लगेच समाजवादी नेत्या मृणालताई गोऱ्यांचं नाव काढतात. "त्या पण विरोधातच होत्या, गोरेगावला पाणी आणलं, नागरी निवाऱ्याची सहा हजारांवर घरं उभी केली. तुम्ही?" याला काय उत्तर देणार, मान खालीच जाते. फक्त एवढंच सांगते की ताई 1961 ला महापालिकेत गेल्या, मग 1972 ला विधानसभेत, आणि हंडे-लाटण्यांचे मोर्चे सतत चालू. रस्ता, पालिका, विधानसभा, तिन्ही. नागरी निवाऱ्याची ती दिंडोशीची घरं कमाल जमीन धारणा कायद्यातल्या, म्हणजे मालकाकडे ठरलेल्या मर्यादेबाहेर असलेल्या जमिनीवर आहेत, आणि तो कायदाच महाराष्ट्राने 2007 मध्ये गुंडाळला. आज त्याच जिद्दीची बाई उभी राहिली तरी मागणार कुठली जमीन? हे उत्तर आहे की पळवाट, तुम्ही ठरवा. माझं आठवड्यागणिक मत बदलतं.

त्या चाळीच्या जागेवर अजून खड्डाच आहे, पावसाळ्यात पाणी साचतं, डासांची तक्रार आता निदान नगरसेवकाकडे जाते. पुढच्या अधिवेशनासाठी प्रश्न पुन्हा तयार केलाय, पहिला उपप्रश्न अवघ्या दीड ओळीचा. तुमच्या इमारतीचा द्यायचा असेल तर व्हॉट्सॲपवर आलेलं फॉरवर्ड पाठवू नका आणि साहेबांना भेटायचाही हट्ट नको. नोटिशीची प्रत, शेवटच्या भाड्याची पावती, पत्रव्यवहाराचे जावक क्रमांक आणि तारखा, एवढं द्या. आणि तारखा दोनदा तपासून द्या, बाकीचं मी लिहिते.